काचीगुड्याची बांग : इस्लाममधील नित्य प्रार्थनेचा इतिहास व अर्थ

१. प्रास्ताविक

हैदराबाद शहरातील काचीगुडा हे नाव मराठवाड्याच्या जुन्या पिढीला परके नाही. मनमाडहून निघून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी व नांदेड या मार्गाने येणारी गाडी मराठी माणसाला राजधानीत आणून सोडीत असे ती याच ठिकाणी. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत, १९१६ साली, येथील स्थानकाची घुमट व मिनार असलेली इमारत उभी राहिली. कचेरीच्या कामासाठी आलेले वकील व कारकून, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी आणि पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार व त्यांच्या आसपासच्या वस्त्यांत स्थिरावली. त्यांच्या घरांत पहाटे काकडआरती होई, अंगणात सडा पडे, आणि त्याच वेळी जवळच्या मशिदीतून बांग ऐकू येई. दोन्ही ध्वनी एकाच कानाने ऐकत या मराठी समाजाच्या कित्येक पिढ्या वाढल्या.

आजही रेल्वेच्या फलाटावर सायंकाळी एखादा मुसलमान प्रवासी आपली पिशवी बाजूस ठेवतो, नळावर हातपाय धुतो, पश्चिम दिशा कोणती याची खात्री करून घेतो आणि एक स्वच्छ कापड अंथरून प्रार्थनेस उभा राहतो. गाडीची गर्दी, हमालांची हाक, चहावाल्यांचा गलबला यांतले काहीही थांबत नाही, आणि तोही त्यांच्यासाठी थांबत नाही. पाचसात मिनिटांनी तो उठतो आणि पुन्हा इतर प्रवाशांसारखा एक प्रवासी होतो.

हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. परंतु ते पाहून आपण मनाशी काय म्हणतो? आपल्या मंडळीत, आणि कधीकधी आपल्या व्यासपीठावरूनही, या प्रार्थनेचे वर्णन ठराविक शब्दांत होते : ती यांत्रिक आहे, ती पाठांतराची पोपटपंची आहे, तिच्यात अंतःकरण नाही. हा अभिप्राय कितपत खरा आहे, आणि तो आपल्याकडे आला तरी कोठून, हे इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. ज्या पाळकांना व धर्मशिक्षकांना मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहून काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा त्याच्या प्रार्थनेलाही लागू आहे.

२. नित्य प्रार्थनेचा उगम

आपण ज्याला 'नमाज' म्हणतो तो शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ वंदन किंवा नम्र होऊन केलेली आराधना असा आहे. 'बांग' हा शब्दही फारसीच असून मराठीत तो इतका रुळला की कोंबड्याच्या आरवण्यालाही आपण तोच लावतो. कुराणातील मूळ अरबी शब्द मात्र 'सलात' हा आहे. सीरियाक भाषा बोलणाऱ्या पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्या प्रार्थनेला 'स्लोता' म्हणत, आणि हे दोन शब्द एकाच कुळातील आहेत असे भाषापंडित मानतात. अरबस्तानाच्या सीमेवर राहणारे ख्रिस्ती संन्यासी दिवसाच्या व रात्रीच्या नेमलेल्या प्रहरी उभे राहून, वाकून, भूमीवर मस्तक टेकून प्रार्थना करीत. वाळवंटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना ते दृश्य अपरिचित नव्हते.

मुसलमानांची परंपरा सांगते की, पाच वेळांची प्रार्थना मुहंमद पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या रात्री, म्हणजे मेराजच्या रात्री, ठरून दिली गेली. ही घटना मदीनेच्या स्थलांतरापूर्वीची, म्हणजे इसवी सन ६२२ च्या आधीची मानली जाते. प्रथम आज्ञा झाली ती दिवसाला पन्नास प्रार्थनांची. परत येताना मोशेची भेट झाली. माणसांना हा भार पेलवणार नाही, परत जाऊन सवलत मागा, असे त्याने सुचविले. असे पुन्हा पुन्हा जाऊन अखेरीस संख्या पाचावर आली, परंतु पुण्य मात्र पन्नासांचेच राहिले. हा वृत्तान्त वाचताना आपल्याला उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तेथे अब्राहाम सदोमासाठी रदबदली करतो, आणि तीही पन्नासांपासून सुरू होऊन दहापर्यंत उतरते. दोन्ही कथांत माणसाच्या दुर्बलतेची जाणीव असलेला परमेश्वर आहे आणि त्याच्याशी धीटपणे बोलणारा एक मध्यस्थ आहे.

कुराणात पाचही प्रार्थनांची नावे एकत्र क्रमाने दिलेली नाहीत. निरनिराळ्या ठिकाणी पहाट, दिवसाची दोन टोके, सूर्य ढळण्याची वेळ व रात्र यांचे उल्लेख येतात. वेळा, क्रम व विधी यांचे निश्चित स्वरूप पैगंबरांच्या आचरणावरून आणि त्याविषयीच्या परंपरांवरून सिद्ध झाले. पहाटेची फजर, दुपारची जुहर, तिसऱ्या प्रहरीची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा या त्या पाच प्रार्थना. नेमके सूर्योदयाच्या, माथ्यावर सूर्य असण्याच्या व सूर्यास्ताच्या क्षणी प्रार्थना करण्यास मनाई आहे. सूर्याच्या गतीवरून वेळ ठरते, पण आराधना सूर्याची नव्हे, हे या मनाईमुळे स्पष्ट राहते.

प्रार्थनेची दिशा, म्हणजे किबला, आरंभी यरुशलेम ही होती. मदीनेस आल्यानंतर सुमारे दीड वर्षाने, इसवी सन ६२४ मध्ये, ती मक्केकडे वळविण्यात आली. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात या बदलाची चर्चा आहे. ज्या नगराकडे खिडक्या उघडून दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे (दानीएल ६:१०), त्याच नगराकडे इस्लामच्या पहिल्या अनुयायांनीही तोंड केले होते.

बोलावण्याच्या पद्धतीविषयीही अशीच एक परंपरा आहे. लोकांना एकत्र कसे करावे याचा विचार चालू असताना यहूद्यांप्रमाणे शिंग फुंकावे, की ख्रिस्ती लोकांप्रमाणे लाकडी फळी वाजवावी, असे पर्याय पुढे आले. अखेरीस अब्दुल्ला इब्न जैद या अनुयायाला पडलेल्या स्वप्नावरून मनुष्याच्या आवाजाची निवड झाली. हे काम प्रथम ज्याला मिळाले तो बिलाल हा मुक्त झालेला हबशी गुलाम होता. मक्केत ज्याला त्याच्या धन्याने तापलेल्या वाळूत छळले, त्याच्याच कंठातून पुढे सर्वांना, कुलीनांनाही, प्रार्थनेस बोलावणे होऊ लागले. आपल्या देशात जातीमुळे ज्यांना देवळाच्या पायरीबाहेर उभे राहावे लागले त्यांच्यात काम करणाऱ्या आपण सेवकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

३. विधी व त्याचा आशय

प्रार्थनेपूर्वी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, मस्तक व पाय यांची शुद्धी करावी लागते. हिला वजू म्हणतात. मोठ्या मशिदीच्या अंगणात हौद असतो तो त्यासाठी. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने प्रतीकात्मक शुद्धी चालते. आजाऱ्याने बसून, तेही न जमल्यास पडून, केवळ संकेताने प्रार्थना करावी. प्रवाशासाठी चार आवर्तनांच्या प्रार्थना दोनवर येतात. परंपरेप्रमाणे आरंभी प्रार्थना दोनच आवर्तनांच्या होत्या. पुढे स्थिर जीवनात त्या वाढल्या, प्रवासात मात्र मूळच्याच राहिल्या. काचीगुड्याच्या फलाटावरील प्रवासी इतक्या लवकर उठतो याचे कारण घाई हे नसून ही सवलत असू शकते.

एका आवर्तनाला रकात म्हणतात. पाच प्रार्थनांत अनुक्रमे दोन, चार, चार, तीन व चार, अशा एकूण सतरा रकाती अनिवार्य आहेत. प्रथम मनात संकल्प, मग हात उचलून ईश्वराच्या थोरवीची घोषणा, मग उभे राहून पठण, मग कमरेत वाकणे, पुन्हा उभे राहणे, आणि मग दोन वेळा भूमीवर कपाळ टेकणे. शेवटी बसून साक्ष व आशीर्वचने म्हणतात, आणि उजवीकडे व डावीकडे मान वळवून शांतीचे अभिवादन करतात. म्हणजे जी प्रार्थना ईश्वराच्या स्तुतीने सुरू होते ती शेजाऱ्याला शांती इच्छून संपते.

प्रत्येक रकातीत कुराणाचा पहिला अध्याय, अल्-फातिहा, म्हणावाच लागतो. तो सात वचनांचा आहे. त्यात प्रथम सर्व जगांच्या पालनकर्त्याची स्तुती, त्याच्या दयेचा व न्यायाच्या दिवसावरील त्याच्या सत्तेचा उच्चार आहे. मध्ये केवळ त्याचीच सेवा व त्याच्याकडूनच साहाय्य हा निश्चय आहे. शेवटी सरळ मार्ग दाखविण्याची विनंती आहे. प्रभूच्या प्रार्थनेशी तिची तुलना अनेक अभ्यासकांनी केली आहे, आणि रचनेपुरती ती योग्यही आहे. दोन्हींत आधी देवाचा महिमा येतो व नंतर माणसाची गरज. दोन्हींत 'मी' नाही, 'आम्ही' आहे. पण भेदही तितकाच स्पष्ट आहे. प्रभूच्या प्रार्थनेचा पहिला शब्द ज्या नात्याने देवाला हाक मारतो, ते पित्याचे नाते फातिहात नाही, आणि मुसलमानांनी आदराने जपलेल्या ईश्वराच्या ९९ नावांतही नाही. भाकरीची मागणी व अपराध्यांना क्षमा करण्याची अट यांनाही तेथे समांतर वचन नाही. साम्य दाखविताना हा भेद लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

येथे एक भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तो न कळल्यामुळे होतात. मुसलमान मनुष्य 'नमाज' व 'दुआ' यांत फरक करतो. नमाज ही सेवा आहे. सेवकाने धन्यापुढे हजर होणे आहे. दुआ म्हणजे मागणे. ती आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, कोणत्याही वेळी करता येते. आजारी मुलासाठी, पावसासाठी, परीक्षेसाठी आई जे मागते ते दुआत मागते. तेव्हा नमाजाची तुलना आपण आपल्या वैयक्तिक प्रार्थनेशी करतो ती मुळातच चुकीची आहे. तिची तुलना करावयाचीच असेल तर ती आपल्या उपासनापद्धतीशी, म्हणजे नेमलेल्या उपासनाविधीशी करावी लागेल.

नुसत्या देहाच्या हालचालीने प्रार्थना होत नाही, हे सांगणारे लोक इस्लाममध्येच प्रथमपासून आहेत. कुराणाच्या १०७ व्या छोट्या अध्यायात अनाथाला धुडकावणाऱ्यांचा, आणि दाखविण्यासाठी व बेपर्वाईने प्रार्थना करून शेजाऱ्याला क्षुल्लक मदतही नाकारणाऱ्यांचा कडक निषेध आहे. मत्तय ६:५ वाचलेल्याला हा सूर ओळखीचा वाटेल. इसवी सन ११११ मध्ये निधन पावलेल्या इमाम गझाली यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात प्रार्थनेतील 'हृदयाच्या उपस्थिती'वर स्वतंत्र विवेचन केले आहे. मन बाजारात आणि देह मशिदीत, ही अवस्था त्यांनाही ठाऊक होती व आपल्यालाही ठाऊक आहे.

४. दख्खनच्या भूमीवर

चारमिनार १५९१ साली बांधला गेला. हिजरी सनाचे हे एक हजारावे वर्ष होते. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक छोटी मशीद आहे, हे खालच्या बाजारात वावरणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते. शहर वसविणाऱ्या मुहंमद कुली कुतुबशहाने नगराच्या मध्यभागी, सर्व दुकानांच्या वर, प्रार्थनेची जागा ठेवली. त्याच्या जवळच मक्का मशिदीचे काम १६१७ साली सुलतान मुहंमद कुतुबशहाच्या काळात सुरू झाले आणि औरंगजेबाच्या अमलात १६९४ साली पूर्ण झाले. तिच्या पायाविषयी एक आख्यायिका हैदराबादेत सांगतात. सुलतानाने जाहीर केले की, वयाच्या बाराव्या वर्षापासून ज्याची मध्यरात्रीची प्रार्थना कधी चुकली नाही अशा माणसाने पायाचा दगड बसवावा. विद्वान व धर्माधिकारी पुष्कळ जमले होते, पण कोणी पुढे आला नाही. तेव्हा स्वतः सुलतानच पुढे झाला. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, त्या समाजाला राजामध्ये कोणता गुण पाहावासा वाटत होता ते तिच्यावरून कळते.

गोवळकोंड्याचे कुतुबशाही सुलतान शिया पंथाचे होते. १६८७ साली मोगलांनी गोवळकोंडा जिंकला, आणि पुढे आसफजाही घराण्याचा सुन्नी अंमल आला. दोन्ही परंपरा शहरात आजही नांदतात. शिया बांगेत हजरत अली यांचा उल्लेख येतो. शिया उपासक हात बाजूस सोडून उभे राहतात, करबलाच्या मातीच्या छोट्या वडीवर कपाळ टेकतात, आणि दुपारच्या दोन व संध्याकाळ-रात्रीच्या दोन प्रार्थना बहुधा जोडून घेतात. सुन्नींमध्येही भेद आहेत. दख्खनमधील बहुसंख्य मुसलमान हनफी आचार पाळतात. कोकणी मुसलमान आणि हैदराबादेच्या बार्कस वस्तीतील अरब वंशाचे लोक शाफिई आचार पाळतात. दोन्ही आचारांत असरची वेळ वेगवेगळ्या सावलीवरून ठरते. 'सर्व मुसलमान एकाच साच्याचे' ही समजूत एवढ्या तपशिलानेही गळून पडावी.

आपल्या मराठी खेड्यातही नमाज परकी नव्हती. बलुतेदार-अलुतेदारांच्या जुन्या याद्यांत मुलाण्याचे नाव येते. गावच्या मशिदीची देखभाल त्याच्याकडे असे, आणि गावाच्या धान्यातून त्याला वाटा मिळे. त्या वाट्यात हिंदू कुणब्याच्या खळ्यातले धान्यही असे. प्रार्थना मुसलमानांची, पण ती चालू राहावी ही व्यवस्था गावाची, असा हा संबंध होता.

स्त्रियांच्या प्रार्थनेचा इतिहास मशिदीच्या इतिहासात दिसत नाही. दख्खनमध्ये स्त्रिया प्रायः घरीच नमाज पढत आल्या आहेत. विजापूरच्या सूफी परंपरेत त्यांच्यासाठी दखनी भाषेत 'चक्कीनामे' व 'चरखानामे' रचले गेले. जात्याच्या फेऱ्याबरोबर, चरख्याच्या गतीबरोबर ईश्वराचे नाम घ्यावे अशी ती गीते होती. जात्यावरच्या ओवीवर वाढलेल्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. सूफींच्या या कार्याची ओळख मराठी वाचकांना करून देणाऱ्यांत निजामी राजवटीत वाढलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचे 'सूफी संप्रदाय' हे पुस्तक महत्त्वाचे आहे.

५. एकनाथांनी विचारलेला प्रश्न

नमाजाविषयी मराठीत झालेली सर्वांत जुनी व धीट चर्चा पैठणच्या एकनाथांच्या 'हिंदु-तुर्क संवाद' या भारुडात आहे. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा सामान्यतः मानला जातो. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर मुसलमान राज्यकर्त्यांच्या सेवेत होते. तेव्हा बांग व नमाज या त्यांनी ऐकीव माहितीवरून वर्णिलेल्या गोष्टी नव्हत. भारुडातील तुर्क हिंदूच्या देवदेवतांवर व सोवळ्याओवळ्यावर आघात करतो. हिंदू उलट विचारतो की, देव सर्वत्र असताना एकाच दिशेला तोंड का, सर्व काळ त्याचा असताना पाचच वेळा का, आणि त्याला मोठ्याने हाक मारण्याचे कारण काय. दोघेही एकमेकांना सोडीत नाहीत. शेवटी मात्र वाद समेटावर येतो.

हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, आणि ख्रिस्ती उपदेशकांनीही तो उचलला. परंतु आपण एक गोष्ट पाहिली नाही. हाच प्रश्न कुराणानेही विचारलेला आहे. किबला बदलण्याच्या ज्या अध्यायात दिशा ठरवून दिली आहे, त्याच अध्यायात पूर्व व पश्चिम दोन्ही ईश्वराचीच आहेत असे सांगितले आहे (२:११५). तोंड पूर्वेस किंवा पश्चिमेस करण्यात पुण्य नाही, तर ईश्वरावरील विश्वासात, आणि नातलग, अनाथ, गरजू, वाटसरू व याचक यांना धन देण्यात, वचन पाळण्यात व संकटात धीर धरण्यात आहे, असेही तेथेच म्हटले आहे (२:१७७). मग दिशा कशासाठी? उत्तर असे की, देव एका दिशेला आहे म्हणून नव्हे, तर माणसे विखुरलेली आहेत म्हणून. काचीगुड्याचा हमाल, रत्नागिरीचा कोळी आणि मोरोक्कोचा धनगर हे एकाच बिंदूकडे तोंड करतात तेव्हा ते एक समाज होतात. पाच वेळांचेही तसेच. सर्व काळ देवाचा आहे हे तोंडाने म्हणणे सोपे असते; परंतु ज्याचा एकही तास नेमून दिलेला नाही, त्याचा सर्व काळ हळूहळू दुसऱ्याच कोणाचा होतो.

६. ख्रिस्ती मंडळी व तिचा अभिप्राय

आता 'यांत्रिक' हा अभिप्राय आपल्याकडे कोठून आला ते पाहू. प्रारंभीच्या मंडळीचा तो नव्हता. स्तोत्रकर्ता संध्याकाळी, सकाळी व दुपारी प्रार्थना करीत असे (स्तोत्र ५५:१७). पेत्र व योहान नवव्या तासाच्या प्रार्थनेस मंदिरात चालले होते (प्रेषितांची कृत्ये ३:१), आणि यापोत पेत्र सहाव्या तासाला गच्चीवर गेला होता (१०:९). 'दिदाखे' या प्राचीन ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा आदेश आहे. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्यन तिसरा, सहावा व नववा या तासांची शिफारस करतो, आणि पहाटेची व सायंकाळची प्रार्थना तर ठरलेलीच असे गृहीत धरतो. म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी चारशे वर्षे ख्रिस्ती मनुष्याच्या दिवसातही पाच वेळा होत्या. त्याची दिशाही ठरलेली होती. तो पूर्वेकडे तोंड करी.

पुढे पश्चिमेत या प्रहरांच्या प्रार्थना मठांत राहिल्या आणि सामान्य माणसाच्या हातून निसटल्या. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने त्या सकाळ व संध्याकाळ अशा दोन उपासनांत एकत्र आणल्या. त्याहून पुढे गेलेल्या सुधारकांनी नेमलेली प्रार्थनाच संशयास्पद ठरविली; जे मनात त्या क्षणी उत्स्फूर्तपणे येईल तेच खरे, असे ते म्हणू लागले. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक याच परंपरेतून आलेले होते. त्यांनी आपल्याला उत्स्फूर्त प्रार्थनेची अमूल्य देणगी दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु रोमन मंडळीच्या विधींविरुद्ध युरोपात घडविलेले शस्त्रही ते बरोबर घेऊन आले, आणि येथे ते मशिदीकडे वळले. म्हणजे 'यांत्रिक' हा शब्द मुळात नमाज पाहून सुचलेला नाही. तो एका ख्रिस्ती भावाने दुसऱ्या ख्रिस्ती भावाविरुद्ध योजलेला होता.

इतिहासात याच्या उलट उदाहरणेही आहेत. मुसलमानांच्या परंपरेनुसार नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेस आले असता, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा पैगंबरांनी त्यांना आपल्या मशिदीतच प्रार्थना करू दिली, आणि त्यांनी पूर्वेकडे तोंड करून ती केली. आलेक्सांद्रियाचा ख्रिस्ती धर्माध्यक्ष युतिखिउस याने दहाव्या शतकात एक हकिगत लिहून ठेवली आहे. यरुशलेम शरण आल्यावर खलिफा उमर पवित्र कबरेच्या मंदिरात असता प्रार्थनेची वेळ झाली. धर्माध्यक्षाने आतच प्रार्थना करण्यास सांगितले, पण उमर यांनी ती बाहेरच्या पायऱ्यांवर केली. मी येथे प्रार्थना केली तर माझ्यामागून येणारे ही जागा तुमच्याकडून घेतील, असे त्यांनी कारण दिले. स्वतःच्या प्रार्थनेने दुसऱ्याच्या प्रार्थनेची जागा जाऊ नये, एवढी दक्षता दोन्ही धर्मांच्या इतिहासात पुढे नेहमी राहिली असती तर पुष्कळ रक्तपात टळला असता.

अलीकडच्या काळातील साक्षही आहे. शार्ल द फूको हा फ्रेंच अधिकारी तारुण्यात श्रद्धा गमावून बसला होता. १८८३-८४ मध्ये मोरोक्कोत प्रवास करीत असता मुसलमानांची प्रार्थना पाहून त्याच्या मनात देवाविषयीचा प्रश्न पुन्हा जागा झाला. तो मुसलमान झाला नाही. तो ख्रिस्ती संन्यासी झाला, आणि सहारात तुआरेग लोकांमध्ये १९१६ साली मारला गेला. २०२२ साली रोमन मंडळीने त्याला संत म्हणून घोषित केले. इंग्रज मिशनरी कॉन्स्टन्स पॅडविक यांनी मशिदींजवळच्या दुकानांतून साध्या माणसांच्या प्रार्थनापुस्तिका वर्षानुवर्षे गोळा केल्या, आणि त्यांवरून १९६१ साली मुसलमानांच्या भक्तीवर मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या प्रार्थनेत अंतःकरण नाही असे आपण समजत होतो तिच्यातील पश्चात्ताप, भीती व प्रेम त्यांनी तिच्याच शब्दांत दाखवून दिले. केनेथ क्रॅग यांनी १९५६ साली आपले प्रसिद्ध पुस्तक बांगेच्या शब्दांभोवतीच रचले. याच प्रकारच्या अभ्यासासाठी १९३० साली लाहोर येथे हेन्री मार्टिन यांच्या नावाने संस्था सुरू झाली. ती स्थलांतरे करीत १९७० च्या दशकाच्या आरंभी हैदराबादेस आली. नव्या कराराचे उर्दू व फारसी भाषांतर करून १८१२ साली ऐन तारुण्यात देह ठेवणाऱ्या त्या सेवकाचे नाव हैदराबादच्या भूमीशी असे जोडले गेले आहे.

येथे मराठी मंडळीचाही एक धागा आहे. मनमाड-काचीगुडा मार्गावरील जालना येथे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. जमीन मिळाली ती निजाम सरकारकडून. एका मुसलमान राज्यात, राज्याच्या संमतीने, मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला घर मिळाले, हे आपण सहज विसरतो.

७. समारोप

बांगेवरून आज आपल्या प्रांतात कटुताही आहे. २०२२ साली महाराष्ट्रात भोंग्यांच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. अशा वेळी मंडळीतील माणसे पाळकाला विचारतात, आपण कोणाच्या बाजूचे? उत्तर देण्यापूर्वी एवढे लक्षात असावे की, ध्वनिवर्धक ही विसाव्या शतकातील वस्तू आहे. बिलालचा आवाज तिच्यावाचूनच पोचत होता. तसेच, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करण्याचा हक्क कोणत्याही धर्माला नाही, असा जो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला, तो मशिदीविषयी नव्हता. तो मद्रासमधील एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनांविषयी होता. कायदा सर्वांना सारखा आहे. आवाजाची तक्रार आवाजापुरती असावी. ती प्रार्थनेच्या द्वेषाचे पांघरूण होऊ नये.

धर्मशिक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : नमाजाविषयी शिकविताना तिचा अर्थ एखाद्या श्रद्धावान मुसलमान शेजाऱ्याकडून समजून घ्यावा, आणि आपण जे वर्गात सांगतो ते त्याच्यासमोर सांगता येईल असेच असावे. दुसरी : भेद स्पष्ट सांगावेत. आपण पुत्राच्या द्वारे पित्याजवळ जातो. तो विश्वास मुसलमान बंधू मान्य करीत नाहीत, आणि हे झाकल्याने कोणाचाच आदर होत नाही. परंतु भेद सांगण्यासाठी दुसऱ्याची भक्ती खोटी ठरविण्याची जरुरी नसते. तिसरी गोष्ट आपल्या स्वतःविषयी आहे. नेमलेल्या वेळेची प्रार्थना यांत्रिक म्हणून आपण सोडून दिली. तिच्या जागी दिवसभराची उत्स्फूर्त प्रार्थना खरोखर आली का, हे प्रत्येकाने आपल्या एका आठवड्याचा हिशेब करून पाहावे.

मक्का मशिदीच्या पायाशी झालेली ती घोषणा आपल्या मंडळीच्या पायाशी कोणी केली, तर आपल्यापैकी किती जण पुढे होतील? आख्यायिकेत विद्वानांचा मोठा समुदाय खाली मान घालून उभा आहे. बहुधा आपणही त्यातच असू. काचीगुड्याच्या पहाटेस बांग होते तेव्हा उपासकाला सांगितले जाते की, प्रार्थना झोपेपेक्षा चांगली. हे बोलावणे आपल्यासाठी नाही. परंतु त्या वेळी आपण जागे झालोच असू, तर आपल्या पित्याजवळ जाण्यास कोणाचीही आडकाठी नाही.